आधी हात लावू द्या

अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांवर घासायची, सावकाश, तीनदा, आणि मग हात पुढे करायचा. समोर चहाचा कप असो, लग्नपत्रिका असो की कॉम्प्युटरचा मदरबोर्ड असो, यात कधी बदल नाही. सोबत एक वाक्य ठरलेलं. "थांबा, आधी हात लावू द्या." दारव्ह्यात सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचे. मीही तेच म्हणत आले आणि इथेही तेच म्हणणार आहे.

तुम्ही सरकारी कापूस खरेदी केंद्रावर कधी उभे राहिला असाल तर ग्रेडर म्हणजे काय ते सांगायला नको. नसाल तर ऐका. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आत आली की हा माणूस कोपरापर्यंत हात कापसात घालतो. आतला मूठभर कापूस काढतो, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहतो. ओल किती, पानकचरा किती, किडका पिवळा कापूस किती हे बघतो आणि दर्जा सांगतो. त्या एका शब्दावर बंडीवाल्याचं वर्ष ठरतं. आमच्या ग्रेडरसाहेबांनी हे काम बावीस हंगाम केलं होतं, बहुतेक सगळे ढाणकीच्या केंद्रावर. दिवाळीच्या आसपास नेमणुकीची ऑर्डर यायची, ते पत्र्याची पेटी उचलून निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे.

माझ्याकडे मात्र ते शिकायला आले. बस स्टँडमागे बी-बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्यांत माझा कॉम्प्युटर क्लास होता. एका दुपारी जिन्यावरून आधी "जयभीम मॅडम" असा आवाज वर आला आणि मागून पांढरा बुशशर्ट घातलेले पन्नाशीचे गृहस्थ आले. चपला त्यांनी न सांगता दाराबाहेर काढल्या होत्या, हे मला आवडलं.

"मले कॉम्प्युटर शिकाचा हाये."

"नाव कोणाचं लिहू? मुलाचं की मुलीचं?"

"माहं."

कारण असं होतं की पुढच्या हंगामापासून केंद्रावरच्या पावत्या कॉम्प्युटरवर निघणार, अशी बातमी होती. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला ऑर्डर आधी, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. केंद्रं कधी उघडायची, कधी उघडायचीच नाहीत, आणि ग्रेडरांची यादी दरसाल आखूड व्हायची. बावीस हंगाम केलेल्या माणसाला तेविसावा हवा होता. त्यासाठी ते माझ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींच्या बॅचमध्ये स्टुलावर येऊन बसले. पोरी खुसूखुसू हसल्या, मी डोळे वटारले, आणि मग मलाही हसू आलं.

की-बोर्डशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. स्वतःचं नाव टाइप करायला पहिल्या दिवशी अख्खा तास गेला. प्रत्येक बटणावर बोटं ठेवून ते थांबायचे, जणू ते बटणच आपण होऊन काही सांगेल. शेवटी वैतागून म्हणाले, "मॅडम, ह्या साऱ्या बटना हाताले एकसारख्याच लागतात. दोनच बऱ्या हायेत, त्यायच्या पोटाले रेघ हाये."

मी वाकून पाहिलं. खरंच, दोन बटणांवर बारीक उंचवटा होता. बोटं न बघता जागेवर यावीत म्हणून तो असतो. मी टायपिंग शिकले होते ते टाइपरायटरवर. तीन वर्षं क्लास चालवत होते, पण ते उंचवटे माझ्या लक्षात आले नव्हते. "हो, असतात ते," असं मी मोठ्या थाटात म्हणाले आणि विषय बदलला.

एकदा चालू तासाला एक कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मी त्याचं कॅबिनेट उघडलं. मागून बोटं घासल्याचा आवाज आला आणि एक हात सरळ आत गेला. मी ओरडलेच. "ग्रेडरसाहेब! दिसेल त्या गोष्टीला काहून हात लावता?"

त्यांनी हात काढून घेतला. रागावले नाहीत. तास संपल्यावर पोरी गेल्या तेव्हा म्हणाले, "काहून लावतो ते सांगतो. माहं पहिलं-दुसरं साल होतं. अवकाळी पानी आलतं, मी टिनाखाली उभा. एक बाई बंडी घेऊन आली, कापूस वरून भिजलेला. मी टिनाखालूनच सांगतलं, खालचा दर्जा. बाई म्हने, साहेब, हात तं लावून पाहा, वरचाच भिजला हाये. तिच्या मांगं पन्नास बंड्या. मी नाही गेलो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी जिनिंगमधी तिचा कापूस पाह्यला. आतून कोरडा, धागा असा लंबा." त्यांनी दोन अंगठ्यांत हवेचा धागा ओढून दाखवला. "बाई तं निघून गेलती. तिचं नाव बी मले मालूम नाही. तवापासून हात लावल्याशिवाय मी काहीच सांगत नाही, मॅडम."

यानंतर मी त्यांना कॅबिनेटमध्ये हात घालू दिला. तारांना नको, एवढंच सांगितलं.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर माझ्या क्लासला परीक्षा केंद्र मिळायची संधी आली. अट एकच, तपासणीच्या दिवशी पंधरा कॉम्प्युटर डोळ्यांसमोर चालू पाहिजेत. माझ्याकडे पाच होते. केंद्र नाही मिळालं तर पोरींना परीक्षेला यवतमाळला जावं लागणार होतं. आसपासच्या खेड्यांतून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून दारव्ह्यापर्यंत यायलाच घरच्यांनी कशीबशी परवानगी दिली होती. यवतमाळचं नाव काढलं असतं तर निम्म्या पोरी घरी बसल्या असत्या, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते मी मला आलेल्या लग्नपत्रिकांवरून सांगू शकते.

नवे कॉम्प्युटर घ्यायची माझी ऐपत नव्हती. यवतमाळच्या एका कचेरीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढल्याचं कळलं, तशी मी भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिले. एकोणीस कॅबिनेट मिळाली. पण त्या गृहस्थाने आधीच सगळ्या मदरबोर्डवरचे प्रोसेसर उपटून बिस्किटाच्या एका मोठ्या डब्यात टाकले होते, कारण त्यात सोनं असतं असं त्याच्या कानावर आलं होतं. भांडून मी तो डबाही आणला.

ज्यांनी कधी कॉम्प्युटर उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, पोटाखाली बारीक पिनांची दाटी असलेली चौकोनी वडी. मदरबोर्डवर तिला बसायला भोकाभोकांची चौकट असते, तिला सॉकेट म्हणतात. प्रत्येक पिढीचं सॉकेट वेगळं, आणि एकाची वडी दुसऱ्यात बसत नाही. जोर केला तर पिना वाकतात आणि वडी कामातून जाते. माझ्याकडे एकोणीस धडं होती आणि डबाभर डोकी होती, आणि कोणतं कोणाचं ते ठाऊक असणारं कोणी नव्हतं. मी कपाळाला हात लावून बसले.

ग्रेडरसाहेबांनी डब्यात पाहिलं, बोटं घासली आणि म्हणाले, "पांढरी चादर आना."

चादर आली. त्यांनी ती जमिनीवर पसरली, चारी कोपरे ओढून सारखे केले आणि डबा हलकेच मधोमध उपडा केला. मग मांडी घालून बसले आणि एकेक वडी उचलून, पिनांवरून बोट अलगद फिरवून, बाजूला ठेवू लागले. अर्ध्या तासात चादरीवर ढीग पडले. मी पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिलं. एकही चुकला नव्हता.

नंबरांऐवजी त्यांची स्वतःची नावं होती, कापसाच्या वाणांवरून घेतलेली. सर्वांत जुनं सॉकेट सात, ते 'देशी'. त्याच्या वडीला एका कोपऱ्यातली पिन गाळलेली. त्यानंतरचं तीनशे सत्तर, ते 'हायब्रीड', त्याचे दोन कोपरे गाळलेले. चारशे अठ्ठ्याहत्तर त्यातलं सर्वांत नवं, चौकट लहान आणि भोकं दाट, ते 'बीटी'. दोन बोर्डांवर सॉकेट नव्हतंच, लांबट खाच होती. त्यात प्रोसेसर कॅसेटसारखा उभा बसतो, त्याला स्लॉट म्हणतात. कापसाच्या ओळींमधे उभी असते म्हणून त्यांनी त्याला 'तूर' करून टाकलं.

बोर्डांवर कचेरीची वर्षानुवर्षांची धूळ होती. ते दात घासायच्या जुन्या ब्रशने सॉकेटच्या कडा घासायचे आणि खालून बारीक उठावाची अक्षरं वर यायची. "पाहा, नाव तं कपाळावर लिहेल हाये," ते म्हणायचे. "कोनी कचरा पुसतच नाही." तरी नाव वाचायच्या आधी हात फिरवून सांगायची त्यांची पैज असायची, आणि पैज लावणाऱ्या पोरी हरायच्या. चार दिवसांत पोरीही डोळे मिटून देशी-हायब्रीड ओळखायला लागल्या. माझ्या शिकवण्याने त्या इतक्या लवकर काहीच शिकल्या नव्हत्या, हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला.

एकोणीसमधले आठ बोर्ड जळलेले निघाले, अकरा धड राहिले. एकुलत्या एका बीटीची वडी डब्यात नव्हतीच, तो बोर्ड खिळ्याला टांगला. म्हणजे बरोबर दहा उरले, दोन देशी, दोन तूर आणि सहा हायब्रीड. एकही वाया जाऊन चालणार नव्हतं. तपासणी गुरुवारी होती.

बुधवारी दुपारपर्यंत सात चालू झाले. सहा हायब्रीडपैकी तीन मात्र काही केल्या उठेनात. प्रोसेसर नीट बसलेला, पंखा फिरतोय आणि पडदा काळा. सहाही हायब्रीड मीच बसवले होते, घाईत, ग्रेडरसाहेब जेवायला गेले असताना. तीनशे सत्तरचं सॉकेट, तीनशे सत्तरची वडी, त्यात विचारायचं काय, असं मला वाटलं होतं.

त्या दुपारी ते आले ते पत्र्याची पेटी घेऊन.

"ऑर्डर आली, मॅडम. उद्या सकाळी दहाले ढाणकीले हजर."

मला खरंच आनंद झाला. उद्याची तपासणी आठवली, तेही तितकंच खरं. "मग बस?"

"दोनची हाये. दिग्रस, पुसद, उमरखेड, तिथून ढाणकी. पहाटची धरली तं दहाच्या आत पोचत नाही." त्यांनी ऑर्डर मला वाचायला दिली. शेवटची ओळ जाड अक्षरात होती. वेळेवर हजर न झाल्यास नाव यादीतून कमी करण्यात येईल. ते पेटीवर टेकले आणि काळ्या पडद्यांकडे पाहून म्हणाले, "हे तिघं काहून बंद?"

"मेलेत ते. वडी बरोबर बसली आहे, पण उठत नाहीत."

"बसली म्हनजे चालली असं कुठं हाये?" म्हणत ते उठले, आणि बोटं घासली. "थांबा, हात लावू द्या."

त्यांनी तिन्ही मेलेल्यांतल्या वड्या काढून चादरीवर ठेवल्या. मग चालू असलेल्या तीन हायब्रीडनाही बंद करायला लावलं आणि त्यांच्याही काढल्या. मी घड्याळ पाहत होते. पावणेदोनला मी म्हणाले, "साहेब, बस." ते म्हणाले, "हूं." दोनला म्हणाले, "साहेब, तुमची बस!" त्यांनी मान वर केली.

"मॅडम, मांगच्या साली मी ढाणकीले दोन महिने खुर्चीवर बसून होतो. सारा कापूस व्यापाऱ्याकडं जाते, तिथं भाव जास्त. दोन महिने हाताले कापूस लागला नाही माह्या. औंदा बी नाही येनार. केंद्र खुलून राह्यलं, पन चालनार नाही."

"पण नाव कमी करतील ना! बावीस वर्षं..."

"करू द्या. इथं दहा पोरी बसनार हायेत."

दर्जा सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. मी आणखी भांडायला हवं होतं, पेटी उचलून त्यांना जिन्याखाली ढकलायला हवं होतं. मी तसं केलं नाही, कारण मला ते तीन कॉम्प्युटर हवे होते. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

बस गेली. ते सहा वड्या पुन्हा पुन्हा उलट्यासुलट्या करत राहिले. चारच्या सुमाराला त्यांनी मला खाली चादरीवर बसायला सांगितलं आणि माझं बोट धरून एका वडीच्या पाठीवर ठेवलं. "काय लागते?"

"सपाट धातू."

"आता हे."

दुसऱ्या वडीच्या पाठीवर धातू नव्हता. मधोमध नखाएवढी एक चकचकीत टिकली तेवढी वर आली होती.

"दोन्ही हायब्रीडच. पन हे सपाटवाले जुने, हे टिकलीवाले नवे. बोर्ड बी तसेच, तीन जुने, तीन नवे. नव्या बोर्डाले जुनी वडी चालते. जुन्या बोर्डाले नवी बसते, पन चालत नाही. तुम्ही जुन्या साऱ्या नव्या बोर्डात घालून टाकल्या, मंग जुन्या बोर्डाले काय राह्यलं?"

"नव्या."

"मंग कसे उठतीन ते?"

आम्ही अदलाबदल केली. सपाटवाल्या जुन्या बोर्डांत, टिकलीवाल्या नव्यांत. पहिल्याचं बटण मी दाबलं. पंखा फिरला, बारीकसा 'टिक' आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. पोरींनी टाळ्या पिटल्या. दिवेलागणीपर्यंत पंधराच्या पंधरा चालू होते. ग्रेडरसाहेब पेटीवर बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून ते पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हंगामाचा पहिला चांगला कापूस पाहिल्यासारखं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी आले. एकेक कॉम्प्युटर चालू करून, बंद करून, पुन्हा चालू करून त्यांनी पाहिला. इतक्या वेगवेगळ्या पिढ्यांची यंत्रं कोणी जुळवली, असं विचारल्यावर सगळ्या पोरींची तोंडं मागच्या भिंतीकडे वळली.

"आपण कुठला कोर्स केलात?"

"बावीस हंगाम," ग्रेडरसाहेब म्हणाले.

अधिकाऱ्यांना ते कळलं नाही, पण केंद्र मिळालं.

नंतरचे दोन महिने ते रोज क्लासला यायचे. गावातले बंद कॉम्प्युटर लोक त्यांच्याकडे आणायला लागले होते. मला वाटलं, माणूस मार्गी लागला.

पौष लागला आणि व्यापाऱ्यांनी एकदम भाव पाडला. सगळ्या बंड्या फिरल्या त्या सरकारी केंद्रांकडे. एके सकाळी क्लासच्या फोनवर ग्रेडरसाहेबांच्या ढाणकीच्या जावयाचा फोन आला. त्यांनी उभ्यानेच ऐकला. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"ढाणकीले बंड्यायची लाइन गावाभाईर गेली. ग्रेडर एकच हाये, नवा. खुर्चीतून उठत नाही म्हनते. दुरूनच सांगते."

मी रिकामी खुर्ची परत मागे सारली.

"दुसऱ्यांदा झालं, मॅडम." त्यांची बोटं एकमेकांवर घासत होती आणि समोर हात लावायला काही नव्हतं. "हात न लावता सांगून टाकलं मी. दारव्ह्यात बसून ढाणकीचा हंगाम सांगतला."

मी समजावलं. पोरींचं केंद्र वाचलं ते तुमच्यामुळे, तुम्ही गेला असता तर ते तीन उठलेच नसते. ते खरंच होतं. "ते येगळं," एवढंच ते म्हणाले आणि कोपऱ्यातली पेटी ओढली.

"अहो, यादीत नाव नाही तुमचं. आत कोण घेईल?"

"आत नाही घेतलं तं भाईर उभा राहीन." दारात चपला घालता घालता म्हणाले, "पोरी चांगल्या हायेत. त्यायले हात लावू देत जा."

महिनाभर काही कळलं नाही. परीक्षा चार दिवसांवर आली आणि नेमका पंधरावा कॉम्प्युटर रुसला. चालू व्हायचा आणि पाच मिनिटांत जागच्या जागी अडकायचा. मी रॅम बदलली, तारा बदलल्या, हात टेकले. शेवटी पहाटेची बस धरून ढाणकीला निघाले. फोन करून भागलं असतं, हे मला दिग्रसला सुचलं. तरी मी उतरले नाही. मला त्यांना पाहायचं होतं.

केंद्र गावापासून दूर, आणि रांग त्याहून दूरपर्यंत आलेली. बैल सोडलेले, बंड्यांच्या सावलीत माणसं झोपलेली, कुठे बायका भाकरीची फडकी सोडून बसलेल्या. रांगेच्या कडेने पांढरा बुशशर्ट चालला होता. एकेका बंडीपाशी थांबायचा, बोटं घासायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर कापूस काढून दोन अंगठ्यांत धागा ओढायचा.

"वरचा दर्जा हाये हा," ते बंडीवाल्याला सांगत होते. "आत खालचा म्हनला तं भांडू नका. फकत म्हना, साहेब, हात लावून पाहा."

पुढच्या बंडीचा कापूस हलका निघाला, तेही त्यांनी तसंच तोंडावर सांगितलं. तो माणूस मान हलवून बसला. मागच्या बंडीवाल्याने मला सांगितलं की रांगेतला प्रत्येक जण आता फाटकात तेच एक वाक्य म्हणतो. नवा ग्रेडर आधी चिडला, मग कंटाळला, आणि चार दिवसांपासून खुर्चीतून उठून कापसात हात घालायला लागला आहे. हे सांगताना तो इतका हसत होता की मलाही हसू फुटलं.

"जयभीम मॅडम!" मला पाहून ग्रेडरसाहेबांना आश्चर्य वाटलं नाही. "पोरी कशा हायेत?"

"पोरी चांगल्या आहेत. पंधरावा बंद पडून राहिला. पाच मिनिटांत अडकतो. परीक्षा चार दिवसांवर आहे, साहेब. एक दिवस चला."

त्यांनी रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पंख्याखालच्या जाळीले हात लावून पाह्यला का?"

प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता ओढून घ्यायला धातूची एक खाचाखाचांची जाळी बसवलेली असते, तिच्याबद्दल ते बोलत होते.

"नाही."

"गरम हाये का गार हाये, मालूम नाही?"

"नाही."

"मंग एवढ्या लांब कायले आल्या?" त्यात राग नव्हता. उलट त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. पुढच्या बंडीवरून एका बाईने हाक मारली. "बाबू, माह्या कापसाले लावता का हात?" ते वळले. "लावतो, बाई," म्हणत बंडीच्या चाकावर पाय देऊन वर चढले आणि त्यांचा हात कापसात कोपरापर्यंत गेला. मी थोडा वेळ उभी राहिले. ते पुढच्या बंडीवर गेले, मग त्याच्या पुढच्या, आणि मी परतीची बस धरली.

सकाळी क्लास उघडल्यावर मी पंधरावा चालू केला आणि जाळीला बोट लावलं. प्रोसेसर आत भाजत असणार आणि जाळी थंडगार. म्हणजे तिचा त्याला स्पर्शच होत नव्हता. कॉम्प्युटर बंद करून पाहिलं, तर तिची पकडपट्टी एका बाजूने सुटली होती. दाबून बसवली. परीक्षेचे तिन्ही दिवस तो कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही, आणि आमच्या सगळ्या पोरींनी दारव्ह्यातच परीक्षा दिली.

ग्रेडरसाहेब माझ्या क्लासला पुन्हा आले नाहीत. दरवर्षी केंद्र उघडलं की ते पेटी घेऊन ढाणकीला जायचे, ऑर्डर नसताना, आणि रांगेच्या कडेने चालायचे, असं कानावर यायचं. असे चार हंगाम झाले. पाचव्या हंगामात रांग होती, ते नव्हते. जावयाने मला फोन करून सांगितलं, आणि मी त्या दिवशी क्लास बंद ठेवला.

त्याच वर्षी माझ्याकडे पहिल्यांदा नव्या तऱ्हेचा मदरबोर्ड आला. ह्यात पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्येच असतात, केसासारख्या बारीक, आणि बोट लागलं की वाकतात. वर काळं झाकण लावूनच तो येतो. शिकवायची पहिली सूचना हीच की सॉकेटला हात लावू नका.

ग्रेडरसाहेबांच्या बॅचमधली एक पोर तेव्हा माझ्या क्लासला शिकवायला लागली होती. तिने ते झाकण काढलं, मुलांना गोल उभं केलं आणि म्हणाली, "कोणीही हात लावायचा नाही." मग थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. तिने झाकण परत बसवलं, कपाटातून पांढरी चादर काढून जमिनीवर पसरली, तिचे चारी कोपरे ओढून सारखे केले आणि जुना देशी बोर्ड मधोमध ठेवला. मुलांना सांगितलं, आधी डोळे मिटा. मी माझ्या खुर्चीत बसले होते. माझा अंगठा दोन बोटांवर घासत होता, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.